विषाणूची जात

मागच्या उन्हाळ्यात गोदीतलं काम पंधरा दिवस थंड पडलं. मुकादम म्हणाला, बोट लागली की फोन करतो. मुंबईत बसून खानावळीचं बिल वाढवण्यापेक्षा वेळापूरला जाऊन आईच्या हातची भाकरी खाल्लेली बरी, म्हणून गाडीत बसलो. तिथं जे पाह्यलं ते लिहायचं डोक्यात होतंच. मधे काही वाचलं, काही माहितगार लोकांना विचारलं, आणि आता लिहायला बसलोय.

वेळापूरपासून दोन कोसांवर एक वाडी आहे. नाव घेत नाही. तिथं एक वानर विजेच्या तारेला चिकटून मेलं. दीड दिवस खाली पडून होतं. उन्हाळ्यातला दीड दिवस म्हणजे काय ते मी सांगायला नको. मग गावाला जाग आली. मारुतीचा अवतार गेला म्हणून वर्गणी निघाली, ट्रॅक्टर धुतला, झेंडूच्या माळा लागल्या, भजनी मंडळ आलं. दहाव्याला जेवण घालायचं तेही ठरलं. फक्त एक काम राहिलं होतं. ते वानर उचलायचं कुणी?

तर माझ्या चुलत भावाला, आण्णाला, बोलावणं आलं. आण्णा तिथं साफसफाईच्या कंत्राटावर आहे. गटार, उकिरडा, मेलेलं कुत्रं, मेलेली म्हैस, जे दुसऱ्याला नको ते त्याचं. त्यानं ते वानर उघड्या हातांनी उचललं, धुतलं, भगव्या कापडात गुंडाळलं, ट्रॅक्टरवर ठेवलं, खड्डा खांदला. मग आरती सुरू झाली आणि त्याला सांगण्यात आलं, जरा तिकडं सावलीला थांब. तो थांबला. मी त्याला म्हटलं, आण्णा, हातात काही घालत का नाहीस? तर हसला. म्हणाला, "मारुती हाय त्यो. त्याचं काय भ्या? आन् हातमोजं काय तुझा आज्जा देणार हाय व्हय?"

आमचा आज्जा काय देणार होता! त्याच्या अंगावर अखंड धोतर नव्हतं. पण त्याच हप्त्यात म्हैस मेली तेव्हा ट्रॅक्टर आला नाही, झेंडू आला नाही. तिच्या पायाला दोर बांधला आणि आण्णा नि अजून एक पोरगा ओढत ओढत ओढ्यापलीकडं घेऊन गेले. वानर मेलं तर पालखी, म्हैस मेली तर दोर. दोन्हीकडं हात मात्र एकच.

हल्ली पेपरात दर दोन-चार महिन्यांनी बातमी येते. नवा विषाणू सापडला. माणसात, गोठ्यातल्या जनावरात आणि जंगलातल्या माकडात, तिघांत मिळून एकच. बातमीखाली पांढऱ्या पोषाखातल्या बाईचा किंवा बाप्याचा फोटो, हातात नळी. वाचणारा म्हणतो, अरे बाप रे. आणि चहा पितो. मी त्या बातम्या गोदीच्या दारातल्या टपरीवर वाचतो आणि मला "सापडला" हा शब्द खुपतो. सापडला म्हणजे कुणाला सापडला? ज्याच्या अंगात तो आधीच होता त्याला तो कधीच सापडला होता, तापाच्या रूपानं. फक्त त्याच्याकडं नळी नव्हती.

यातली सगळ्यात मोठी गोष्ट आपल्या शेजारच्या राज्यातली आहे आणि तिचं दप्तर पुण्यात आहे. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात, १९५७ साली, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली. त्यांच्यामागोमाग माणसं तापानं फणफणली. डोकं फुटायची वेळ, अंग मोडून पडलेलं, कुणाच्या नाकातोंडातून रक्त. पहिल्याच वर्षी साडेचारशेच्या वर माणसं आजारी पडली. पुण्यात १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशानं आणि भारत सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या भागीदारीत विषाणू संशोधन केंद्र निघालेलं होतं. आज आपण त्याला एनआयव्ही म्हणतो, १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू संस्था. तिथला संचालक टेलफर्ड वर्क नावाचा अमेरिकन डॉक्टर. माकडं मरतायत म्हटल्यावर त्या सगळ्यांच्या पोटात गोळा आला, कारण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला पिवळा ताप माकडांना असाच मारतो, आणि तो हिंदुस्थानात कधी आलेला नव्हता. तो आला असता तर जगभर बोंब झाली असती. मेलेल्या माकडांतून, आजारी माणसांच्या रक्तातून नमुने घेतले, उंदराच्या पिल्लांना टोचले. निघाला तो वेगळाच विषाणू, रशियाच्या जंगलातल्या गोचीड-तापाच्या भावकीतला. नाव पडलं क्यासनूर जंगलाचा रोग. आपल्याकडं लोक माकडताप म्हणतात.

आता बघा हा विषाणू फिरतो कसा, कारण सगळी मेख तिथंच आहे. तो राहतो गोचीडात. गोचीडाचं पिल्लू तिळाएवढं असतं, पालापाचोळ्यात बसतं, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पायाला चिकटतं. खारी, उंदीर अशा बारक्या जनावरांच्या रक्तावर त्याचा घरोबा चालतो. माकडाला चावलं की माकड मरतं आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरून शेकडो गोचीड खाली झडतात. मग ते माकड जिथं पडलं तेवढी जागा म्हणजे पेरलेलं रान. तिथून जो लाकडाला, चाऱ्याला, काजूला जाईल त्याला धरतं. आणि गाय-म्हैस? त्यांना हा ताप येत नाही. पण मोठा गोचीड त्यांच्याच अंगावर फुगतो, पडतो आणि हजारोंनी अंडी घालतो. म्हणजे जंगलाच्या कडेला जितकी गुरं चरायला जातील तितकी गोचीडांची पैदास. माणसाकडून मात्र हा रोग दुसऱ्या माणसाला होत नाही. माणूस म्हणजे या रस्त्याचं शेवटचं टोक. गाडी तिथं येऊन थांबते, कधी कधी कायमची. शंभर आजारी पडले तर तीन ते पाच मरतात.

वानर, गाय आणि माणूस यांचं एवढं जवळचं नातं सांगणारं पुराण आपल्या देशात दुसरं नसेल. पण हे पुराण कुणी कीर्तनात लावत नाही. मारुतीला शेंदूर फासणारे आणि गाईला माता म्हणणारे, दोघांच्या मधल्या त्या तिळाएवढ्या किड्याबद्दल गप्प असतात, कारण तो किडा त्यांच्या पायाला फारसा चावत नाही. पाचोळ्यात त्यांना जावं लागत नाही.

जावं लागतं ते कुणाला, याचा हिशेबही लिहिलेला आहे. १९८२-८३ साली दक्षिण कर्नाटकातल्या बेळतंगडी तालुक्यात काजू लावायला जंगल तोडलं आणि हजारावर माणसं या तापानं पडली. मार्क निक्टर नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९८७ साली त्यावर निबंध लिहिला आणि या रोगाला विकासाचा रोग म्हटलं. जंगल तोडायला मजूर, तोडलेलं लाकूड वाहायला मजूर. गावकरी म्हणत होते दैवत कोपलं. मला तर वाटतं दैवतापेक्षा कंत्राट कोपलं होतं. दैवत निदान वाटेत भेटलेल्या सगळ्यांना धरतं.

मग हा ताप घाटाच्या कडेनं पसरत राह्यला. २०१२ ला बंदीपूरच्या वाघांच्या जंगलात मेलेली माकडं उचलणाऱ्या माणसांना तो झाला. लक्षात घ्या, उचलणाऱ्यांना. २०१५ ला गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाळी गावात आला. २०१६ च्या सुरुवातीला आपल्या महाराष्ट्रात, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात केर गावी, आणि पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूला. तिकडं काजूचा हंगाम आणि गोचीडाच्या पिल्लांचा हंगाम एकच, थंडी सरता सरता ते पावसाच्या तोंडापर्यंत. पाचोळ्यात वाकून काजू-बोंडू वेचायचा म्हणजे गोचीडाच्या ताटावर जाऊन बसायचं. सीमेवरच्या गावांतले मजूर हंगामाला सत्तरीत जातात आणि ताप घेऊन घरी येतात, यावर पुण्याच्या शास्त्रज्ञांनी निबंध लिहिलाय. तिथं फक्त आपलीच माणसं आजारी पडली असा दावा मी करणार नाही, तो खोटा होईल. कोकणात दोन-पाच कलमांचा मालक स्वतःच वेचायला जातो, तोही पडला. पण ज्याची दोनशे कलमं आहेत आणि जो ओटीवर बसून काजूचे भाव विचारतो, तो आजाऱ्यांच्या यादीत कितीसा सापडेल? ती यादी म्हणजे कोण वाकतं त्याची यादी.

सरकारनं काय केलं? पायाला लावायला डीएमपी तेल दिलं, लस दिली. ती लस जुन्या पद्धतीची, पुन्हा पुन्हा टोचून घ्यावी लागणारी. ती नीट लागू पडत नाही असं दिसल्यावर कर्नाटकानं २०२२ साली ती बंद केली. नवीवर काम चाललंय. १९५७ पासून मोजा. चंद्रावर यान उतरलं, आणि काजू वेचणाऱ्या बाईसाठी भरवशाची लस अजून कामातच आहे. हाच ताप साहेबांच्या कॉलन्यांतल्या लॉनवर सुटला असता तर एवढा वेळ लागला असता का, हे मी विचारतो आणि उत्तर तुमच्यावर सोडतो.

तुम्ही म्हणाल, कोकणातलं पुराण सोलापूरच्या माळावर कशाला? वेळापूरच्या बाजूला तसलं जंगल नाही, माकडताप नाही, आणि आण्णानं उचललेलं ते वानर शॉक लागून मेलं होतं, तापानं नव्हे. बरोबर. उगीच भीती पसरवायची नाही. पण विषाणू आमच्याही गोठ्यात बसलाय. २००९ साली सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या गावांत म्हशींच्या सडांवर देवीसारखे फोड आले आणि धारा काढणाऱ्यांच्या हातांवर तसेच फोड उठले, ताप आला, काखेत गाठी आल्या. आपल्या जिल्ह्यातलं कासेगाव त्यात होतं. एनआयव्हीची माणसं आली, खपल्या घेऊन गेली. म्हशीची देवी, बफेलोपॉक्स. जीव जात नाही, पण हात आठ-पंधरा दिवस कामातून जातो. ज्याची रोजी हातावर आहे त्याला पंधरा दिवस म्हणजे काय, ते लिहिणाऱ्याला माहीत नसतं.

यातली गंमत अशी की हा विषाणू माणसांना जी देवीची लस टोचत होते, त्या लसीतल्या विषाणूचा सख्खा भाऊ आहे. ती लस आपल्याकडं म्हशीच्या रेडकांच्या कातडीवर पिकवायचे. काही शास्त्रज्ञांचा तर्क आहे की लसीतलाच विषाणू म्हशींत उतरला आणि तिथं मुक्कामाला राह्यला. म्हणजे माणसानं म्हशीला दिला, म्हशीनं माणसाला परत दिला. आमच्या आईच्या दंडावर देवीचा वण आहे, तिला थोडीबहुत ढाल मिळाली. १९८० ला जगातून देवी गेली, टोचणं बंद झालं. आमच्या पिढीच्या दंडावर काही नाही. तेव्हा कासेत हात घालणाऱ्या तरण्या पोरांनो, सडावर फोड दिसला की साबणानं हात धुवा आणि मालकाला सांगा, आज धार तू काढ.

तिसरा विषाणू तर मराठी नावाचाच आहे. चांदिपुरा. १९६५ ला नागपुरात तापाच्या दोन रोग्यांच्या रक्तात तो मिळाला. जवळजवळ चाळीस वर्षं तो कपाटात पडून होता, निरुपद्रवी म्हणून. त्याच्या खुणा गाई-म्हशी-शेळ्यांच्या रक्तात निघाल्या, श्रीलंकेतल्या रानमाकडांच्या रक्तातही निघाल्या. २००३ साली त्यानं आंध्रात आणि आपल्या विदर्भात पोरं मारली. सकाळी ताप, रात्री झटके, दुसऱ्या दिवशी मूठमाती. आंध्रात तीनशेच्या वर पोरं आजारी पडली, त्यातली निम्म्याहून जास्त गेली. २०२४ ला गुजरातेत पुन्हा. तो वाळूमाशीतून येतो आणि वाळूमाशी राहते मातीच्या भिंतीच्या भेगेत, शेणाच्या ओलीत. भेगा कुणाच्या भिंतीला असतात? सिमेंटच्या बंगल्यात वाळूमाशीला पाय ठेवायला जागा नाही.

आता या सगळ्यावर शहाणी माणसं एक वाक्य बोलतात. २०२० साली कोरोनात तर ते टीव्हीवर दिवसाला दहादा ऐकलं. विषाणूला जात नसते, धर्म नसतो, तो सगळ्यांना सारखा. च्यायला, काय समतावादी विषाणू! मान्य आहे, त्याला जात नसते. तो कुणाचा दाखला बघत नाही. पण तो ज्या वाटेनं येतो त्या वाटेला जात आहे. मेलेलं जनावर कोण उचलतं, पाचोळ्यात कोण वाकतं, भेगांच्या भिंतीआड कुणाचं पोरगं झोपतं, हे विषाणूच्या आधी हजार वर्षं ठरलेलं आहे. तो फक्त तयार रस्त्यानं चालतो.

आणि रोग आला की बोट कुणाकडं, हेही ठरलेलं. "हे लोक काहीही खातात." चीनच्या बाजारातल्या माणसाला हे ऐकावं लागलं, आफ्रिकेतल्या शिकाऱ्याला एड्सच्या बाबतीत ऐकावं लागलं, आणि आपण तर मायच्या पोटातून हे ऐकत आलोय. मग मी एक गोष्ट सांगतो ती ऐका. पन्नाशीच्या दशकात आपल्या देशातून वर्षाला लाखाच्या वर तांबड्या तोंडाची माकडं परदेशी जायची. त्यांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर पोलिओची लस पिकवायचे. १९६० साली अमेरिकेत बेन स्वीट आणि मॉरिस हिलमन यांना त्या पेशींत माकडाचा एक विषाणू सापडला, एसव्ही-४०. तोपर्यंत ती लस कोट्यवधी लोकांना टोचून झाली होती. त्यापायी लोकांना कर्करोग झाला असं सिद्ध झालं नाही, आणि त्या लसीनं लाखो पोरांचे पाय वाचवले, हे मी दहादा मान्य करतो. पण माकडाचा विषाणू माणसाच्या अंगात एवढ्या घाऊक भावानं कुठल्या शिकाऱ्यानं घातला नव्हता. तेव्हा कुणी म्हटलं का, हे डॉक्टर लोक घाणेरडे, हे काहीही टोचतात? नाही म्हटलं. चूक झाली म्हणाले, सुधारली म्हणाले, आणि पुढं गेले. माकडांची निर्यात आपल्या सरकारनं १९७८ ला बंद केली. एवढीच माणुसकी ढोर ओढणाऱ्याच्या वाट्याला का येत नाही?

माझ्या गोदीला तर हे फार जुनं आहे. १८९६ साली प्लेग पहिल्यांदा ओळखला गेला तो मांडवीत, गोदीच्या अंगाला. डॉक्टर व्हिएगस यांनी तो ओळखला. तो विषाणू नव्हता, जंतू होता, आणि आला उंदरांबरोबर. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी साथरोगाचा कायदा केला. तोच १८९७ चा कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला. त्या कायद्यानं सरकारला माणसाचं अंग तपासता येतं, घर बंद करता येतं, गाडी अडवता येते. मी तो कायदा वाचलाय, चार पानांचा आहे. मेलेलं जनावर उचलणाऱ्याला हातमोजे द्यावेत असं त्यात कुठं लिहिलेलं नाही.

दोस्तांनो, आता थोडं आपल्याही घरात बघू. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेली ढोरं ओढू नका, मढ्याचं मांस खाऊ नका. आमच्या आज्ज्यानं ते ऐकलं, थोडं उशिरा, पण ऐकलं. गावानं पाणी तोडलं, रानातला पाय तोडला, तरी त्यानं दोर हातात घेतला नाही. आजी सांगायची, तोवर त्याला ढोर बघूनच कळायचं काय रोगानं मेलंय. नाकातोंडातून काळं रक्त आलेलं आणि ते गोठलेलं नाही, तर फाशी. त्याला सुरी लावायची नाही, तसंच खोल पुरायचं. गळा सुजलेला तर घटसर्प. मांडीत वारा भरल्यासारखी सूज आणि दाबली की चरचर आवाज, तर फऱ्या. फाशीचा काळा फोड, काळपुळी, अंगावर घेऊन मेलेली माणसं आमच्या भावकीत झाली, तेव्हा हे शहाणपण फुकट आलेलं नाही. मी त्याचा उदोउदो करत नाही. ते ज्ञान पोटाला नव्हतं म्हणून आलं आणि जीव घेऊन आलं. पण ते ज्ञान होतं. एकाही पुस्तकात त्याच्या पुढं आमच्या आज्ज्याच्या आज्ज्याचं नाव नाही.

आज्ज्यानं टाकलेला दोर आण्णाच्या हातात कसा आला, हा खरा प्रश्न आहे. बलुतं म्हणून नाही आला, कंत्राट म्हणून आला. आता कागद आहे, अंगठ्याच्या जागी सही आहे, महिन्याला पगार आहे, तोही तीन महिन्यांनी. बाबासाहेबांनी सांगितलं दोर टाका, आणि व्यवस्थेनं त्याच दोराला निविदा काढली. २०१६ च्या जुलैत उनाला मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या पोरांना उघड्यावर फोडलं, तेव्हा गुजरातेतल्या आपल्या भावांनी मेलेली गुरं सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली आणि सांगितलं, तुमची माय, तुम्ही उचला. मला ती बातमी वाचताना अंगावर काटा आला होता. पण आपण इथं काय केलं? मोर्चा काढला, कविता लिहिल्या. मीही दोन लिहिल्या. आण्णाला विचारायला कोण गेलं?

आपल्यातले काही शिकलेले मित्र म्हणतात, विषाणू-बिषाणू हा डॉक्टरांचा विषय, आपण जातीवर बोलावं. मी म्हणतो, लेको, हाच जातीचा विषय आहे, आणि आपण तो सोडला तर तो शेंदूरवाले तरी बोलतील नाहीतर नळीवाले. नळीवाल्यांशी माझं भांडण नाही. पुण्याच्या त्या लोकांनी जंगलात जाऊन, गोचीड वेचून, स्वतः ताप काढून काम केलंय. माझं म्हणणं एवढंच की आमचं रक्त नमुना म्हणून घेता, तर त्यात काय निघालं ते आमच्या वस्तीत येऊन आमच्या भाषेत सांगा. माकड मेलं की पहिली खबर वनखात्याला नाही, पाचोळ्यात काम करणाऱ्या बायांना द्या. मेलेलं जनावर उचलणं हे जोखमीचं काम म्हणून कागदावर लिहा, आणि त्या कामातून ताप आला तर तो कामावरचा अपघात धरा, जसा गोदीत आकडा लागून हात फाटला तर धरतात. तेही कंत्राटी हमालाला सहज मिळत नाही, मला माहीत आहे. म्हणून तर म्हणतो, मागायला शिका. आणि त्याच्याही आधी, हे काम एकाच वस्तीच्या दारात का येतं ते विचारा. यंत्र आणा. क्रेन बोटीतून तीस टनांचा डबा उचलते, एक म्हैस उचलायला तिला काय होतं?

मी मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी अकलूजला जाऊन जाड रबरी हातमोज्यांच्या दोन जोड्या आणल्या, एक आण्णाला, एक त्याच्या जोडीदार पोराला. आण्णानं घालून बघितले, बोटं हलवली आणि म्हणाला, "हे घालून गेलो तर म्हणतील, लई शाणा झाला." ते खुंटीला अडकवले. मी रागावलो. तो काही बोलला नाही.

परवा पाळीवर असताना त्याचा फोन आला. त्याच वाडीवर बैल मेला होता. तो म्हणाला, मी त्यांना सांगितलंय, फावडं-टिकाव तुमचं, ट्रॅक्टर तुमचा, गावातली दोन माणसं माझ्याबरोबर पाहिजेत आणि त्यांनीबी मोजं घालायचं. मी विचारलं, मग काय म्हणाले? आण्णा म्हणाला, "अजून इचार करत्याती. सकाळपास्नं बैल तिथंच हाय."